मामांचा शागीर्द

"परत आलास इचारायला?" महाबळेश्वरमामा खांबावरून उतरले आणि त्यांनी प्रज्योतच्या पाठीत धपाटा घातला. "शिट्टी ऐकलीस का न्हाई?"

"ऐकली, मामा. पन वाटलं, एकदा खात्री..."

"वर माजा जीव, खाली तुजा कान. मधी डोकं आनायचं न्हाई!"

दिग्गीच्या रानात मोबाइलला रेंज नाही. म्हणून लाइनमन मामांनी शिट्टीची रीत घातली होती. एक शिट्टी झाली की खालच्या वळणावरच्या माणसानं स्विचचा दांडा ओढून लाइन बंद करायची. काम उरकून मामा खाली उतरले की दोन शिट्ट्या. मग लाइन चालू.

मामा शिकवण्यात कडक. आधीच्या दोन पोरांना त्यांनी आठवड्याभरातच हाकललं होतं. प्रज्योत मात्र चिकटला. तो कंत्राटी होता, आणि मामांनी शब्द टाकला तर साहेब त्याला ठेवून घेणार होते. मग त्याच्या आईला, फुलाला, रानात मजुरीला जावं लागणार नव्हतं. त्यासाठी त्यानं आणखी शंभर धपाटे खाल्ले असते.

आणि मामा नुसते मारकुटे नव्हते. डब्यातली अर्धी भाकरी आधी पोराच्या हातावर ठेवत. त्यांच्या घरी थोरला वासू शिकून रिकामा बसला होता, तरी मामांनी सगळी विद्या परक्याच्या पोराला दिली. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळत नाही.

महिनाअखेरीला मामा निवृत्त होणार होते. ऑफिसातली कविता, नवरा नोकरीत असतानाच खांबावर शॉक लागून गेला म्हणून त्याच्या जागी लागलेली, चहा देताना म्हणाली, "मामा, आता तुमचं कसं व्हायचं?"

"पोरगं तयार हाय," मामा प्रज्योतकडे बघून म्हणाले. प्रज्योतची छाती फुगली.

दोन दिवसांनी दिग्गीच्या लाइनवर फांदी पडली. एक शिट्टी झाली. प्रज्योतनं दांडा ओढला. थोड्या वेळानं दोन शिट्ट्या आल्या.

इतक्या लवकर? वर जाऊन बघावं, असं त्याच्या मनात आलं. मग धपाटा आठवला. त्यानं दांडा वर ढकलला.

मामा अजून खांबावरच होते.

चौकशीत साहेब भडकले. "खांबावरचा माणूस स्वतःच लाइन चालू करायला सांगेल होय रे? रानात पाखरं शीळ घालतात. तसलंच काहीतरी ऐकलंस तू."

प्रज्योतची नोकरी गेली, वर पोलीस केस झाली. फुला पुन्हा रानात जाऊ लागली. हळूहळू त्याचं त्यालाही पटलं, पाखरूच असणार. बापासारख्या माणसाला आपण मारलं, हे त्याच्या मनातून जाईना.

पावसाळा सरल्यावर रामनगरच्या स्टँडवर त्याला वासू दिसला. अंगावर नवी खाकी, खांद्यावर दोर. बापाच्या जागी लागला होता. प्रज्योतनं त्याचे पाय धरले.

"वासूदादा, पाखराच्या शिळेला फसलो रे. तुज्या बाबाला मीच मारलं."

वासूनं आजूबाजूला बघितलं आणि त्याला उठवलं.

"पाखरू कसलं," तो हळूच म्हणाला. "आदीचे दोगं परत परत इचारायला यायचे, म्हनून बाबांनी त्यांना घालवलं. तू शिकलास."