गरम खोली

“आधी ती यंत्रं बंद कर!” राकिशआत्या ओरडली. त्या खोलीत ओरडल्याशिवाय कुणाचं कुणाला ऐकूच जात नसे.

नुरतासने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो आईच्या उशाशी बसला होता. आत्याने तिचे, कुलपाशचे, डोळे मिटले होते, हनुवटी पांढऱ्या फडक्याने बांधली होती आणि तोंडावर पातळ रुमाल टाकला होता. भिंतीलगतच्या लोखंडी मांडण्यांवर संगणकाची ग्राफिक्स कार्डं ओळीने घरघरत होती. त्यांच्या पंख्यांच्या वाऱ्याने रुमाल सारखा हलत होता.

बाप जन्मभर खाणीत कोळसा खणत राहिला. मुलगा घरबसल्या क्रिप्टोची नाणी खणत होता, आणि त्याचं त्याला कोण कौतुक! पोरांच्या व्हिडिओ गेमसाठी बनलेली ही कार्डं दिवसरात्र आकडेमोड करत, त्या बदल्यात नाणी मिळत, वर हा फुकटचा शेक. बाहेर उणे पस्तीस असलं तरी या खोलीत माणसं गंजीफ्रॉकवर बसत. म्हणूनच आजारी आईची खाट त्याने इथे हलवली होती. माया होती त्यात, खोटं कशाला बोला. पण ती घरघर घटकाभर थांबवून आईला शांत झोपू द्यावं, हे काही त्याला कधी सुचलं नाही.

सकाळी त्याची बायको झाझिरा चहा घेऊन आली, तर सासू ओ देईना. नाकापुढे खोलीतलाच कोमट आरसा धरला, त्यावर वाफ धरली नाही. नुरतासने मनगट हातात घेतलं. बोटांखाली काहीतरी थरथरत होतं. पण त्या खोलीत सगळंच थरथरायचं, खाटेचा पाय, कपातला चहा, पायाखालची फळीसुद्धा. त्याने हात हलकेच खाली ठेवला. नर्सला फोन लावला. वादळाने रस्ता बुजला होता, बर्फ काढल्याशिवाय ती येऊ शकत नव्हती.

“अंग गार पडलंय का?” तिने विचारलं.

“अहो, खोलीच तापलेली आहे. अंग कसलं गार पडतंय!”

रस्ता मोकळा झाला की येते, असं म्हणून तिने फोन ठेवला. मग शेजारच्या घरातून आत्याला बोलावलं. आत्याने हाका मारल्या, गाल थोपटले, पापण्या उचलून पाहिल्या आणि रडत रडत फडकं फाडायला घेतलं.

“मयत गार जागी ठेवतात रे,” आता ती म्हणत होती. “उद्या मुल्ला येईपर्यंत वहिनीचं काय होईल इथे? भट्टी आहे ही!”

“मग दाराबाहेरच्या खोलीत नेऊ. घोड्याचं मांस टांगलंय तिथे, ते महिना महिना टिकतं.”

“जीभ झडो तुझी! घरातलं माणूस घरातच राहतं, घराच्या उजव्या अंगाला. तिथून उठतं ते थेट कबरीकडे जायला.”

“आत्या, या थंडीत तापलेली कार्डं एकदम बंद केली की ओल धरतात. एकूण एक जातील. मग खायचं काय आम्ही?” तो थांबला नाही. “आईला आता काय गरम आणि काय गार! आणि बाबांच्या वेळी कुठे बंद केली होती? मागच्या हिवाळ्यात ते गेले तेव्हा तेही रात्रभर याच खोलीत होते. काय बिघडलं?”

झाझिराने मान खाली घातली. आत्याचा चेहरा उतरला. भावाच्या वेळी तिची गाडी बर्फात अडकली होती. ती पोचली तेव्हा माती देऊन झाली होती.

“तेव्हा मी नव्हते,” ती म्हणाली. “आज आहे. तू बंद करतोस की मी वायरी उपटू?”

नुरतास उठला. त्याने मुख्य बटण खाली ओढलं.

एकेक मांडणी शांत होत गेली. पंखे मंदावले, अडखळले, थांबले. कार्डं आणल्यापासून या घराला अशी शांतता ठाऊकच नव्हती. कान बधिर झाल्यासारखे वाटले. मग हळूहळू बाहेरचा वारा ऐकू आला. काचेवर आपटणारे बर्फाचे कण ऐकू आले. आणि मग अगदी जवळून, खोलीच्या आतून, काहीतरी ओढत नेल्यासारखा एक बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

झाझिरा किंचाळली. रुमाल नाकाशी खाली बसत होता आणि वर उठत होता.

आत्याने रुमाल फेकला, हनुवटीचं फडकं सोडलं, चमच्याने कोमट पाणी ओठांना लावलं. “वहिनी! अगं वहिनी!” बऱ्याच वेळाने पापण्या हलल्या. नुरतास आईच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडत होता. “आई, मला वाटलं... आई गं...”

“ऐकत होते मी,” कुलपाश म्हणाली. आवाज नव्हताच, नुसता वारा होता. “सगळं ऐकत होते. हाका मारत होते रे. तोंडच उघडेना.”

“बोलू नकोस, आई. खोली गार व्हायला लागलीय. थांब, मी लगेच चालू करतो.” तो डोळे पुसत उठला.

तिने त्याची बाही धरली. हातात बळ नव्हतं, तरी सोडेना.

“नुरतास,” ती म्हणाली, “तुझे बाबासुद्धा असेच ऐकत होते का रे?”