शंभर टक्के खात्री

१९९७ साली मी वॉशिंग्टनच्या एका टीव्ही स्टुडिओत पाहुण्यांचा मेकअप करायचे. एके दिवशी तिथे हवामानतज्ज्ञ डॉक्टर हॅल्वर्सन आणि खुल्या बाजाराचा प्रचार करणाऱ्या एका संस्थेचे व्हिटलो यांची चर्चा होती. निवेदकाने विचारलं, "पृथ्वी माणसामुळेच तापतेय, याची शंभर टक्के खात्री आहे?"

डॉक्टर म्हणाले, "शंभर टक्के असं विज्ञान कधीच म्हणत नाही."

"मग लोकांचे कारखाने कशाला बंद करायला निघालात?" व्हिटलो हसले.

नंतर मी पावडर पुसत असताना डॉक्टरांनी विचारलं, "ओडेसाबाई, तुम्हाला काय वाटलं?"

"तुम्ही एवढी शिकलेली माणसं अजून भांडताय, म्हणजे नक्की काही नसणार."

शेजारच्या खुर्चीतून व्हिटलो म्हणाले, "डॉक्टर, तुमचं बरोबर आहे, ते मलाही माहितीये. मला पगार मिळतो तो बाईंच्या या उत्तराचा."

डॉक्टर पुन्हा टीव्हीवर आले नाहीत. शिकवत राहिले आणि दहा वर्षांपूर्वी गेले. व्हिटलोंच्या नावाचं त्या संस्थेत सभागृह आहे. माझ्या आईची कबर उपसागराकाठी, आमच्या गावी आहे. तिथे फुलं न्यायची तर आता मला ओहोटीची वेळ बघून निघावं लागतं.