वरून येणारं कार्ड

टक् असा आवाज झाला, दारावरचा लाल दिवा हिरवा झाला. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून वाकून बघणाऱ्या आभाने सुटकेचा श्वास टाकला. बाबांना जमलं.

पण विनायकराव आत शिरले नाहीत. थोड्या वेळाने दिवा पुन्हा लाल झाला. ते भाजीची पिशवी धरून तसेच बाहेर उभे होते.

"बाबा, ढकला ना दार!"

"उघडलं मी. पाहिलंस ना?"

"पाहिलं. पण तुम्ही आत कुठे आलात?"

त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

सकाळपासून दोघांचा तोच अभ्यास चालला होता. कार्ड यंत्रावर घासायचं नाही, नुसतं जवळ न्यायचं. कार्ड विसरलं तर फोन काढायचा, त्यातलं निळं बटण दाबायचं. विनायकरावांना हे सगळं पहिल्याच खेपेला आलं होतं. "बँकेत तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्यात मी," ते म्हणाले होते, "हे तर पत्त्यातलं पान."

पण आभाच्या भावाचा, नचिकेतचा, विश्वास नव्हता. गेल्या आठवड्यात आभा शहरात एस्प्लनेडला कामासाठी गेली, तेव्हा बाबा भर उन्हात याच दाराबाहेर उभे राहिले होते, कार्ड खिशात असताना. हे कळल्यावर त्याने पुण्याहून साफ सांगितलं: आई गेली, आता बाबांना एकट्याने घरात येता आलं तरच त्यांना बालीगंजच्या या घरी राहू द्यायचं. नाहीतर तू परत येशील त्या विमानात त्यांनाही घेऊन ये.

आभाने आपल्या फोनवरचं निळं बटण दाबलं. खाली दार पुन्हा टक् करून सुटलं. विनायकरावांनी त्याच्याकडे, ओळख नसलेल्या माणसाने नमस्कार केल्यावर बघावं तसं, जरा मान झुकवून पाहिलं. दार पुन्हा बंद झालं.

"ओ मेशोमोशाई!" बाबांना अशी 'काका' म्हणून हाक मारत पहिल्या मजल्यावर कपडे वाळत घालणारी सुचित्रा रेलिंगवरून वाकली. सोसायटीचा सेक्रेटरी शंतनू तिचा नवरा. हे दार त्यानेच हौसेने बसवून घेतलेलं. "दोनदा उघडून बंद केलंत. आमच्या दाराची परीक्षा घेताय की काय?" ती बंगालीत म्हणाली.

"दाराची नाही, माझी चाललीय," विनायकरावही बंगालीत म्हणाले. "आणि मी पास झालोय."

"मग वर या ना, बाबा," आभा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "नचिकेतला काय सांगू मी?"

विनायकरावांनी मान वर केली. आभाकडे नाही, तिच्या जरा डावीकडे, तुळशीच्या कुंडीपाशी, जिथे आई उभी राहायची तिथे.

तिथल्या गजाला आईची पिशवी अजून बांधलेली होती. खणाच्या कापडाची, लांब दोरीची. बाबा बाजारातून यायचे, खाली उभे राहायचे, हाकसुद्धा मारायचे नाहीत. आई बाल्कनीत आलेलीच असायची. पूर्वी पिशवीतून किल्ली खाली जायची, हे दार बसल्यावर कार्ड जाऊ लागलं. मधे कधी चष्मा, कधी छत्री. "लिंबं आणलीत का?" आई वरून विचारायची, आणि समोरचा इस्त्रीवाला बाबांच्या आधी "आणली, आणली" म्हणायचा. तेवढं मराठी त्याला आलं होतं. दोरीने कार्ड सोडू नये अशी नोटीस शंतनूने जिन्यात लावली, तीही आईने चष्मा लावून वाचली होती आणि अक्षर छान आहे म्हणाली होती.

"कार्ड तुमच्याकडे आहे, बाबा," आभा हळू आवाजात म्हणाली. एवढ्या हळू बोललेलं खाली ऐकू जाणार नाही असं तिला वाटलं होतं.

"तेच तर," विनायकराव म्हणाले, अजून बंगालीतच. "वरून कार्ड आलं की कळायचं, घरात कुणीतरी आहे. खिशातल्या कार्डाने नुसतं दार उघडतं."

सुचित्राच्या हातातली ओली साडी तशीच राहिली.

आभाने गजाची गाठ सोडली आणि पिशवी खाली पाठवली. विनायकरावांनी खिशातून कार्ड काढलं, पिशवीत टाकलं आणि दोरीला हिसका दिला. आभाने ओढून घेतली. तळाशी पांढरं कार्ड, त्यावर बाबांचा फोटो, टाय लावलेला.

"आता सोड," खालून आवाज आला.

तिने सोडली. पिशवी पहिल्या मजल्यासमोर आली तेव्हा सुचित्राने हात लांब करून दोरी धरली.

"तू उद्या जाणार ना?" तिने वर बघून आभाला विचारलं.

"हो."

"मग एवढी लांब दोरी कशाला लागतेय? आमच्या इथून निम्मी पुरेल."

"नोटीस आहे, सुचित्रा," विनायकराव म्हणाले. "तुझ्या नवऱ्याची सही आहे खाली."

"तुमच्या बाजाराच्या वेळेला तो ऑफिसात असतो." ती म्हणाली. "पण मला लिंबं नकोत हं. मला मिरच्या आणत जा."

विनायकराव हसले की नाही, ते वरून दिसलं नाही. त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

आभाने दोरी सैल सोडली. तरी पिशवी सुचित्राच्या हातातून सावकाशच खाली गेली.