बाहेरची कडी

"कडी बाहेरून," ती म्हणाली. "आणि एक नाही, दोन. एक वर, एक खाली."

सुताराने चौकटीला दाबून धरलेलं टेपचं टोक सुटलं आणि पट्टी सर्रकन डबीत गेली.

"ताई, ही झोपायची खोली आहे ना?"

"हो."

"मग कडी आतून लागते."

"मला कळतं ते. तुम्हाला जमणार आहे, की दुसरा मिस्त्री बघू?"

न जमायला काय झालं? तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. पण त्याची नजर खोलीत गेली. एक लोखंडी खाट, गज लावलेली छोटी खिडकी, आणि खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत बसलेली तिची सासू. पाठीत वाकलेली, काडीसारखी बाई. तिची बाही वर सरकली तेव्हा मनगटाजवळ निळा-पिवळा डाग दिसला. त्याने पाहिलं, हे तिच्या लक्षात आलं. तिने बाही खाली ओढली.

सुताराला एक खोड होती. कुठल्याही घरात शिरला की तो लाकडाबरोबर माणसांचंही माप घ्यायचा, आणि आपलं माप कधी चुकत नाही अशी त्याची पक्की समजूत होती. इथे तर फार डोकं चालवायची गरजच नव्हती.

"दारात एक झडप ठेवा," सून म्हणाली. "आत बघता येईल अशी."

"केवढ्या उंचीवर?"

तिने आपल्या डोळ्यांसमोर हात धरला. म्हातारीला तिथून बाहेर बघायचं तर स्टुलावरच चढावं लागलं असतं. सुताराने आकडा लिहून घेतला.

"घरात पुरुष माणूस कोणी?"

"हे बाहेर आहेत. शनिवारी येतील. त्याच्या आत दार लागलंच पाहिजे."

म्हणजे मुलगा यायच्या आत आईची सोय लावून मोकळं व्हायचं. सुताराला संताप आला. त्याच्या स्वतःच्या आईची शेवटची दोन वर्षं थोरल्या भावाकडे, सामानाच्या खोलीत गेली होती. त्या खोलीचं दार यानेच बनवलं होतं. वहिनीने सांगितलं आणि याने मान खाली घालून रंधा मारला. त्याची लाज त्याला अजून वाटत होती.

शुक्रवारी दार तयार झालं. चांगलं जाडजूड, एकट्याला उचलेना. समोरच्या शिंप्याने दुकानातून उठून दुसऱ्या टोकाला हात दिला.

"कुणासाठी हो एवढं भक्कम?" शिंपी म्हणाला.

"तुम्ही समोर राहता. तुम्हाला माहीत."

"मी आपला सुईत दोरा ओवतो," असं म्हणून शिंपी परत मशीनवर जाऊन बसला.

"दार आतल्या बाजूला उघडू दे," सून म्हणाली.

"खाटेला अडेल. बाहेर उघडलेलं बरं."

ती जरा घुटमळली, मग बरं म्हणाली. बाहेर उघडणारं दार आतून ढकलता येतं, हे तिला कुठून माहीत असणार?

ती आत गेली तशी म्हातारी भिंतीला धरून त्याच्याजवळ आली. सुतार हळूच म्हणाला, "आजी, काही सांगायचंय का? मी कुणाला बोलणार नाही."

म्हातारीने मागे वळून बघितलं. तिचे ओठ हलले, पण शब्द वेगळेच आले. "घट्ट कर रे बाळा. अजिबात हलता कामा नये."

पढवलेलं बोलतेय बिचारी, त्याला वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याने दोन इंची स्क्रूंची पुडी पिशवीत परत टाकली आणि अर्धा इंची काढली. वरून डोकी सारखीच दिसतात. दोन्ही कड्यांचे कोयंडे त्याने त्या स्क्रूंवर चौकटीला बसवले. सुनेने कड्या लावून दार ओढून पाहिलं. तिच्या हाताला ते पुरेसं पक्कं वाटलं. आतून कोणी जीव खाऊन खांदा दिला, तर मात्र कोयंडे निखळून हातात आले असते.

"फार उपकार झाले, मिस्त्री," सून म्हणाली. सुताराने तिच्याकडे न बघता हत्यारं आवरली. घरी जाताना कित्येक वर्षांनी त्याला आईसमोर उभं राहता येईल असं वाटलं.

सोमवारी बिजागऱ्या बघायचं निमित्त काढून तो परत गेला. घराला कुलूप होतं. शिंपी दुकानाच्या पायरीवर बसला होता, मशीन बंद होतं.

"कोणी नाही घरात?" सुताराने विचारलं.

"नाही. काल दुपारी तुमचं ते दार तुटलं."

"दार?"

"कड्या निघाल्या. एकाच धक्क्यात, म्हणे."

सुताराच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला हसू आवरेना. "म्हणजे सुटली एकदाची म्हातारी!"

शिंपी पायरीवरून उठला.

"म्हातारी कशाला असेल आत? आत तिचा मुलगा होता. शनिवारीच दवाखान्यातून आणला होता. दारू मागत उठला की दोघींना मरेस्तोवर मारायचा, म्हणून त्यांनी ती खोली करून घेतली." त्याने बंद घराकडे पाहिलं. "दार पक्कं आहे म्हणून दोघी बाहेर निर्धास्त झोपल्या होत्या."