उजवा कान

"हा असाच खोक्यात घालता येणार नाही," तेजल म्हणाली.

लोणावळ्याच्या त्या बंगल्यात सकाळपासून बांधाबांध चालली होती. साहेब कायमचे कॅनडाला मुलाकडे निघाले होते. तेजल सामान पाठवणाऱ्या कंपनीकडून आली होती. प्रत्येक वस्तू नवी की वापरलेली, किती वर्षांची, हे विचारून यादीत लिहायचं आणि मगच खोकं बंद करायला सांगायचं, हे तिचं काम. सगळी खोकी भरून झाली होती. उरला होता तो व्हरांड्यातला हातभर उंचीचा दगडी वाघ.

"शोभेचा आहे हो तो," साहेब म्हणाले. "हायवेवरच्या दुकानातून घेतलाय. नवा म्हणून लिहा."

"कोरीव दगड दिसला की कस्टमवाले अडवतात. शंभर वर्षांवरचा असेल तर देशाबाहेर नेताच येत नाही. तशी सबळ शंका असली तरी आधी पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो."

"पण शंका आहे कुणाला?"

"मला हाय, बाई."

कोपऱ्यात कपबशा कागदात गुंडाळत बसलेला अंबाजी उठून आला. त्याने हात धोतराला पुसले. वाघाला लगेच हात लावला नाही.

"ह्यो आमचा वाघोबा हाय," तो म्हणाला.

टाकवे गावाच्या वर डोंगरात अंबाजीची वाडी. वाडीच्या शिवेवर वाघोबा होता आणि त्याची दिवाबत्ती अंबाजीच्या घरात बापापासून चालत आलेली. बारा वर्षांपूर्वी वाघबारशीच्या सकाळी अंबाजी नारळ घेऊन गेला, तर जागा रिकामी. त्याच दुपारी वाडीची बैठक बसली. देवाजवळ रोज जाणारा माणूस एकच, तेव्हा देव विकला तो त्यानेच, असं ठरलं. बैठकीला वाडीतला तरणा शिदू तेवढा नव्हता. त्याची लेक छकुली आजारी, वडगावच्या दवाखान्यात होती. अंबाजीने देवाची शपथ घेतली. कोणता देव, असं कुणीतरी विचारलं आणि माणसं हसली. त्या दिवसापासून वाडी त्याच्याशी बोलली नाही. तो बायकोला घेऊन वडगावला भाड्याच्या खोलीत राहायला आला. तिथेच धोंडाबाई गेली. वाडीतून खांदा द्यायला आला तो एकटा शिदू.

पुढे शिदूनेच त्याला या बांधाबांधीच्या कामावर आणलं. कपाट उचलायचं झालं की जड बाजू शिदू धरायचा. दुपारी डबा उघडला की पहिली भाकरी अंबाजीपुढे ठेवायचा. "पोटचा न्हाई, पर पोटच्यावानी हाय," असं अंबाजी भेटेल त्याला सांगायचा.

आता शिदू दारात उभा होता. हातात चिकटपट्टीचं रीळ होतं. तो पुढे आला नाही.

"आजोबा," साहेब हसून म्हणाले, "त्या दुकानात असे वाघ ओळीने मांडलेले असतात. नेमका तुमचाच माझ्या व्हरांड्यात कसा येईल?"

तेजल हसली नाही. "आबा, काही खूण आहे का? तुम्ही खात्रीने सांगितलंत तर मी हा यादीत घेत नाही. मग तो इथेच राहील आणि खात्याची माणसं येऊन बघतील. पण नुसतं वाटतंय म्हणून मला काढून ठेवता येणार नाही. चार वाजता ट्रक निघायचाय."

अंबाजी वाघापुढे उकिडवा बसला. शेंदूर केव्हाच खरवडून काढलेला होता. वर कसलंसं पॉलिश मारलं होतं. त्याने पाठीवरून हात फिरवला.

"शेपूट अशीच, पाठीवर वळल्याली. हे पट्टं. ह्यो पुढचा पाय आखूड." त्याने तो पाय दोन्ही हातांत धरला. "ह्योच हाय, बाई."

मग बोटं डोक्यावर गेली आणि थांबली. डाव्या बाजूला कान होता. उजव्या बाजूला नुसता खडबडीत उंचवटा होता.

"काय झालं?" तेजलने विचारलं.

अंबाजीने तिथे पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

"आमच्या वाघाला दोनी कान व्हते," तो म्हणाला. "आदल्या सांजंला म्याच शेंदूर लावला. दोनी कानांस्नी."

"मी घेतला तेव्हाही याला एकच कान होता," साहेब म्हणाले. "तसाच मांडला होता दुकानात. म्हणजे हा तुमचा नव्हे. मिटलं."

तेजलने क्षणभर अंबाजीकडे पाहिलं. मग यादीत लिहिलं : दगडी वाघ, शोभेचा, नग एक, नवा.

"चुकलं माजं," अंबाजी म्हणाला. "म्हातारपणी काय बी दिसतंया." उगाच बोललो, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं होतं. त्याने स्वतःच बबल रॅपचा तुकडा घेतला आणि वाघाला गुंडाळायला सुरुवात केली. पाय झाकले, पाठ झाकली. डोक्याशी आल्यावर त्याने मागे न बघता हात पुढे केला.

"शिदू, चिकटपट्टी दे रं."

चिकटपट्टी आली नाही. अंबाजीने मान वळवली. शिदू दारातून आत आला होता आणि त्याच्याजवळ खाली बसला होता. त्याची नजर वाघाच्या डोक्यावर होती.

"दोनीच व्हते, आबा," शिदू म्हणाला. "म्या पोत्यात घालताना उजवा तुटला."