पहिला सरळ जोड

जुनं वेल्डिंग मशीन देताना भंगारवाल्यानं बजावलं होतं, "ताई, त्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. तेव्हा काही कळत नाही, पण संध्याकाळी डोळ्यांत वाळू शिरल्यासारखं होतं."

आठवडाभर रॉड नुसता लोखंडाला चिकटत होता. आज लेक दुपारची झोपल्यावर मागच्या अंगणात बसले आणि पहिल्यांदाच जोड सरळ आला. खुशीत डोळ्यांपुढची काळी काच बाजूला केली, तर लेक दारात उभी. माझ्या हातातल्या रॉडकडे बघून हसत होती. कधीपासून, देव जाणे.

तेव्हापासून तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

"अगं, किती वेळ तिच्या डोळ्यांत बघशील? तुझीच नजर लागायची पोरीला," सासूबाई म्हणाल्या. मी नुसती हसले. सांगायचा धीर झाला नाही.

दिवेलागणीला लेकीनं दोन्ही मुठींनी डोळे चोळले. तिला उचलून मी तशीच अनवाणी डॉक्टरांकडे निघाले.

"आता या वेळी कुठे?" सासूबाई मागून ओरडल्या.

उंबऱ्यातच लेकीनं सगळं तोंड उघडून एक लांबलचक जांभई दिली आणि माझ्या खांद्यावर मान टाकली.