मागचं काही दिसायला नको

"मागचं काही दिसायला नको," मावशी तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"नाही दिसणार, काकू. स्वतःच बघा की." फोटोवाला कॅमेऱ्यापासून बाजूला झाला.

मावशींनी एक डोळा मिटून पाहिलं. भाचीचा चेहरा स्वच्छ होता आणि तिच्यामागची खिडकी म्हणजे नुसता पांढुरका धुरळा. बाहेर पाण्याची उंच टाकी होती. तिच्यावर भलामोठा निळा मासा रंगवलेला, कुणीही लांबून ओळखावा असा. कॅमेऱ्यात मात्र त्याचा धड डागसुद्धा दिसत नव्हता.

"हं. आणि फोटोच्या पाठीवर दुकानाचा शिक्का नको."

फोटोवाल्याने मान डोलावली. मनातून त्याचं डोकं फिरलं होतं. दारावर टकटक केल्यावर आत एकामागून एक तीन कड्या निघाल्या होत्या. भरदिवसा सगळे पडदे ओढलेले. ऐन पंचविशीतली मुलगी, पण गॅलरीतसुद्धा पाऊल टाकायची सोय नाही. तिला काही विचारावं, तर उत्तर मावशी देणार. मावशी म्हणे! मुलीच्या हनुवटीखाली एक चौकोनी व्रण होता. तोही त्याने मनातल्या मनात मावशींच्याच खात्यावर टाकला.

मागची खिडकीसुद्धा मुलीच्या हट्टामुळे उघडली होती. "आई आजारी आहे गं. तिला माझ्या मागे थोडं आकाश दिसू दे," ती म्हणाली होती. वर्षभरात मायलेकींची गाठ पडली नव्हती. हा फोटो आईला जाणार होता.

"आणि हे बटण कशाचं?" मावशींचं बोट भिंगाशेजारच्या छोट्या बटणावर होतं.

एरवी फोटोवाला हे दिसेल त्याला पकडून सांगायचा. आपण बघतो तेव्हा भिंगाचं तोंड सताड उघडं असतं, म्हणून मागचं सगळं पुसट दिसतं. फोटो निघताना ते आपण लावलेल्या आकड्याइतकं मिटतं आणि मागचंही लख्ख उमटतं. फोटो कसा येणार ते आधीच बघून घ्यायची सोय म्हणजे हे बटण. आज त्याने तोंड मिटेल तितकं मिटवायचा आकडा लावला होता.

"ते होय? त्याने अंधार होतो नुसता," तो म्हणाला.

मावशींनी बटण दाबलं. खरंच सगळं काळवंडलं. "अगं बाई, काहीच दिसेना," म्हणत त्यांनी डोळा काढून घेतला. चार क्षण थांबल्या असत्या, तर त्या अंधारातून मासा वर आला असता.

मावशी पडदा सावरायला वळल्या तेव्हा त्याने स्वतः डोळा लावून बटण दाबलं आणि नजर सरावेपर्यंत थांबला. मासा दिसला, त्याचे खवलेसुद्धा. पोरीचं कुणीतरी हा बघेल आणि येईल, त्याला वाटलं.

"आता श्वास रोखायचा आणि अजिबात हलायचं नाही," त्याने मुलीला सांगितलं. कमी उजेडात भिंग जास्त वेळ उघडं राहणार होतं.

ती बसली. पापणीसुद्धा हलली नाही. इतकं निश्चल बसणं भल्याभल्यांना जमत नाही.

"छान. हे कुठे शिकलीस?"

"घरी," ती म्हणाली. मावशींनी मान खाली घातली.

"फोटो आम्हाला दाखवायला येऊ नका," निघताना मावशींनी बजावलं. "इथे फार ये-जा नको. परस्पर पाठवा, आणि इथल्या पेटीत टाकू नका. परगावी जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या."

तो जिना उतरत असताना मागे तिन्ही कड्या लागल्या. तुरुंग बरा, तिथे निदान एकच कुलूप असेल, असं पुटपुटत तो दुकानी गेला. त्याच रात्री त्याने फोटो छापला. मासा इतका सुरेख आला होता की त्याची त्यालाच शाबासकी द्यावीशी वाटली.

दोनेक आठवड्यांनी दुकानात एक माणूस आला. कपडे इस्त्रीचे, डोळे मात्र जागरणाने लाल. त्याने काउंटरच्या काचेवर तोच फोटो ठेवला.

"ही माझी बायको. वर्ष झालं, वेड्यासारखा शोधतोय. हा फोटो सासूबाईंच्या उशीखाली सापडला. या माशाचा माग काढत आलो. टाकीजवळ फोटोचं दुकान तुमचंच."

त्याचा आवाज भरून आला होता. फोटोवाल्याला तर आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. त्याने बटणाची सगळी हकिकत रंगवून सांगितली. ऐकताना तो माणूस बोटातल्या अंगठीने काचेवर हलकेच टकटक करत होता. अंगठीत जाडजूड चौकोनी खडा होता.

"तुमचे उपकार कसे फेडू?" तो म्हणाला.

"अहो, उपकार कसले! चला, घर दाखवतो."

दोघे जिना चढले. "तुम्ही जरा मागे थांबा," फोटोवाला कुजबुजला. "म्हातारी मोठी वस्ताद आहे. माझा आवाज ओळखून दार उघडेल." त्याने दार वाजवलं. "मी फोटोवाला! आईचा निरोप आहे!"

आतून कुणीतरी धावत आलं. एक कडी निघाली, दुसरी निघाली, तिसरी निघाली.

दार मुलीनेच उघडलं. मावशी आसपास कुठेही नव्हत्या. दाराच्या बाहेरच्या बाजूला ना कडी होती, ना कुलूप.

"आईचा? काय म्हणाली?" ती हसत होती. तिला हसताना तो पहिल्यांदाच बघत होता.

मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. तिने श्वास रोखला. पापणीसुद्धा हलली नाही.

"चल, घरी," मागून नवरा म्हणाला.